वीरगळावरचा ट्रक

साताऱ्याच्या बापूरावांनी मला तोंडावर सांगितलं, "पाटील, तुमच्या खानदेशात केळी आहे, कापूस आहे, उकाडा आहे. पण लढाईची म्हणून काही खूण आहे का? एखादा किल्ला, एखादं शिल्प?" हे त्यांनी त्यांच्या घरी, त्यांच्याच लोणच्याची फोड माझ्या तोंडात असताना विचारलं, म्हणून मला लगेच उत्तर देता आलं नाही. एरवी मी थांबणाऱ्यांतला नाही. आमच्या कळसाडीत म्हणतात, की पाटील बोलायला लागला की तापीचं पाणी वाकडं वाहतं. हे साफ खोटं आहे. थोडंसंच वाकडं वाहतं.

बापूराव म्हणजे बांधकाम खात्यात आयुष्यभर नकाशे काढून निवृत्त झालेला माणूस. सह्याद्रीतला एकही गड त्यांनी पायाखाली घालायचा सोडलेला नाही, आणि घरात भिंतीवर देवांपेक्षा बुरुजांची चित्रं जास्त. फोड गिळून मी म्हणालो, "या थंडीत या. तुमचे किल्ले डोंगरावर बसलेत, लढाई संपल्यापासून रिकामे. आमच्याकडे लढाई घरात राहायला आली आणि घरचीच होऊन गेली. दाखवतो."

चीनची लढाई होऊन वर्ष उलटलं होतं. बापूराव आले.

सारंगखेडा

दोंडाईच्याला आगगाडीतून उतरवून मी त्यांना सरळ सारंगखेड्याच्या जत्रेत नेलं. दत्तजयंतीचे दिवस. तापीच्या काठावर जिकडे बघावं तिकडे घोडे. पांढरे, काळे, बदामी, आणि एक तर मला चक्क हिरवा दिसला, पण तो कडब्यामागे उभा होता असं बापूराव म्हणतात.

"इथून एके काळी फौजांना घोडे जायचे," मी सांगितलं. "माझ्या पणजोबांनी विकलेली घोडी दिल्लीपर्यंत गेली. तिथे तिनं बादशहाला पाडलं आणि वाटेत कुणाला न विचारता कळसाडीला परत आली."

"कुठल्या बादशहाला?"

"जो पडला त्याला."

बापूरावांनी माझ्याकडे पाहिलं, पण तेवढ्यात ढोल वाजायला लागला आणि एका व्यापाऱ्यानं नाचरा घोडा पुढे आणला. मागच्या पायांवर उभा राहून तो घोडा पुढचे पाय हवेत असे ठेवत होता, जणू समोर पायरी आहे. बापूराव जागीच थबकले. "ही चाल लढाईतली आहे हो. हत्तीवरच्या माहुतापर्यंत पोचायला घोड्याला अशी उडी शिकवायचे, असं ऐकलंय."

व्यापारी हसला. "आते फौजले घोडा कसाले लागी, साहेब? आते लगीनले लागस. समोर हत्ती नही, नवरीना बाप ऱ्हास."

बापूरावांनी काखेतला कागद काढून घोड्याचे पाय रेखाटले. मी त्यांना रेवडी खाऊ घातली आणि मनात एक खूण मारून ठेवली: खानदेश एक, सातारा शून्य.

कळसाडी

आमच्या घराच्या दारात बापूरावांचं कपाळ फुटता फुटता राहिलं. आत येणाऱ्या प्रत्येक नव्या पाहुण्याचं तेच होतं. आमच्या सौ.नं चुलीपासूनच हाक मारली, "भाऊ, वाकीसन या," पण तोवर चौकटीनं आपलं काम केलेलं होतं.

"एवढं ठेंगणं दार कुणी बांधलं?" कपाळ चोळत त्यांनी विचारलं.

"पेंढाऱ्यांनी."

"पेंढारी गवंडी होते?"

"ते लुटायला येत, म्हणून आमच्या गवंड्यानं असं बांधलं. म्हणजे बांधलं त्यांनीच की. घोड्यावर बसून कुणी आत शिरू नये, आणि उतरून शिरला तर आधी मान खाली घालावी. मान खाली आली की आत म्हातारी मुसळ घेऊन उभी. माझ्या खापरपणजीनं एका दुपारी इतके पेंढारी लोळवले, की उन्हाळ्यात त्यांच्या पगड्यांच्या वाती दिव्याला पुरल्या."

मग मी त्यांना अंगणातलं पेव दाखवलं. जमिनीखालचं धान्याचं कोठार, तोंडावर दगड, दगडावर माती, मातीवर तुळस. लुटारूनं तुळशीला नमस्कार करून पुढे जावं अशी योजना. बापूराव खाली उतरले, भिंतीवर हात फिरवला, आणि वर येताना म्हणाले, "घाट सुरेख आहे. अगदी घड्याच्या पोटासारखा." इतकं कौतुक त्यांनी राजगडाचंही केलं नसेल.

जेवायला वांग्याचं भरीत, कळण्याची भाकरी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. सातारकरांना तिखटाचा अभिमान फार. त्यांनी ठेच्याचा मोठा घास घेतला आणि नंतर बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. डोळ्यांत पाणी कशाचं, असं मी विचारलं नाही. पाहुणा आहे.

लोणखेडा

दुसऱ्या दिवशी शहाद्याजवळ लोणखेड्याला माझ्या आतेभावाचं नवं घर बघायला गेलो. पक्क्या विटा, सिमेंटचा गिलावा, नवा कोरा रंग. आणि रस्त्याकडच्या भिंतीत, छातीच्या उंचीवर, तिरप्या भोकांची ओळ. भोवती कमळाच्या पाकळ्या काढलेल्या.

बापूराव ओरडलेच. "अहो, या जंग्या आहेत. बंदुका रोखायची भोकं. सिमेंटच्या घराला?"

आतेभाऊ गोंधळला. त्याला हे नाव माहीत नव्हतं. "गवंडीले सांगं, जुन्या गढीले जशा शेतस तशा काढ. मन्हा आजलानी काढ्यात, बापनी काढ्यात. त्यासना बिगर घर नागडं दिसस." मग जरा विचार करून म्हणाला, "चिमण्या ऱ्हातस त्यामा."

मी बापूरावांचा चेहरा पाहत होतो. आजोबानं शत्रूवर नेम धरायला भोक पाडलं, बापानं त्याला चौकट दिली, नातवानं त्याभोवती कमळ फुलवलं आणि आत चिमणीनं अंडी घातली. असा बुरूज सह्याद्रीत दाखवा म्हणावं.

पण बापूराव खमके. संध्याकाळी ओट्यावर बसल्यावर म्हणाले, "मान्य, पाटील. पण हे सगळं मातीचं, विटांचं, आणि सगळं भीतीपोटी आलेलं. दार ठेंगणं, धान्य लपवलेलं, भिंतीला भोकं. शौर्याचं काय? आमच्याकडे गावोगाव वीरगळ आहेत. लढाईत पडलेल्या माणसाचा दगड, वर चंद्र-सूर्य, खाली तो लढताना कोरलेला. तसं काही?"

हा घाव वर्मी बसला. मी म्हणालो, "उद्या तळोदा. तिथून वर सातपुड्यात. जे भिल्ल कुणालाच नमले नाहीत, त्यांचे दगड बघा आणि मग बोला."

खरं सांगायचं तर ते दगड मी स्वतः पाहिलेले नव्हते. पण असणारच, याची मला खात्री होती. आमच्या जिल्ह्यात नाही असं काय आहे?

तळोदा

तळोद्याच्या बाजारात वर जाणारी एकच जीप होती. इस्माईलभाईची. तिचा मूळ रंग कोणता हे इस्माईलभाईलाही आठवत नव्हतं. आम्ही बसायला गेलो तर मागची जागा आधीच एका लांबट ओझ्यानं अडवलेली. गोणपाटात गुंडाळलेलं, सुंभानं आवळलेलं, आणि शेजारी एक उंच, वाळलेला भिल्ल म्हातारा त्यावर हात ठेवून बसलेला. गाडीत लहान मूल घेऊन बसावं तसा.

"हाई काय शे, दादा?" मी विचारलं.

"दगड," तो म्हणाला.

त्याचं नाव रुपसिंग. बाजारात अहिराणी बोलायचा, घरी भिली. याहून जास्त त्यानं काही सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही, कारण तोवर मी इस्माईलभाईला माझ्या पणजोबांची घोडी सांगत होतो. यावेळी ती काबूलहून परत आली.

घाटात

चांदसैलीचा घाट मी असा सांगेन: वाट वर जाते, मग विचार बदलते, मग आणखी वर जाते. एका वळणावर मला खाली आमचीच जीप चढताना दिसली. खाली तापीचं खोरं, उसाचे हिरवे चौकोन, आणि थंडीच्या धुरकटात कुठेतरी माझं घर. सागाची पानं गळून रान मोकळं झालेलं, पळसाला अजून अवकाश.

जीप मात्र त्या दगडाच्या वजनानं घायकुतीला आली. जरा चढ लागला की पुढून वाफ. इस्माईलभाई उतरायचा, ओढ्यातून डबा भरून आणायचा, फडक्यानं झाकण उघडायचा, आणि जीप घटाघटा पाणी प्यायची.

"हाई जीप नही, भाऊ. म्हैस शे," तो म्हणाला. "नाला दखाना का थांबस."

अशाच एका ओढ्यावर जीप थांबताना हिसका बसला, सुंभ तुटलं आणि गोणपाट घसरलं. काळा दगड, ताज्या छिन्नीचा. वर चंद्र आणि सूर्य. बापूराव पुढे वाकले. खाली घोडेस्वार असायला हवा होता. तिथे ट्रक होता.

चार चाकं, पुढे जाळी, खिडकीत एक वाटोळा चेहरा. जाळीवर लिंबू-मिरची बांधलेली, तीसुद्धा कोरलेली. मागे कापसाच्या गासड्या, दोरीच्या विणीसकट. पाथरवटानं डोळ्यांसमोरचा बाजारातला ट्रक जसाच्या तसा उतरवला होता.

बापूराव हसले. मोठ्यानं हसले. मीही हसलो असतो, पण रुपसिंगदादाचा हात त्या वाटोळ्या चेहऱ्यावर गेला आणि धूळ पुसू लागला.

"मन्हा पोऱ्या," तो म्हणाला. "जयसिंग. फौजमा गाडी चालाडे. चीननी लढाईमा बर्फमा गया. तो उना नही. त्याना कपडा उनात."

बापूरावांनी फेटा सावरला, खाली पाहिलं आणि म्हणाले, "चुकलं माझं, दादा."

"तुम्हनं काय चुकनं? हासू येसच. पाथरवटबी हासना." तो दोरी आवळत होता. "गावमा सगळासले घोडा शे. पन मन्हा पोऱ्या घोडावर एकदावच बठना, धाकला व्हता तव्हय. पडना. मंग बोले, बाबा, मी चाकवर जासू. तो चाकवरच गया. मी घोडा कसा काढू?"

मी हळूच विचारलं, "आणि दादा, या गासड्या? फौजेच्या गाडीत कापूस नसतो."

"माले ठाऊक शे. पाथरवट सांगे, मी फोडी टाकस." त्यानं गोणपाट वर ओढून घेतलं, अंगावर पांघरूण ओढावं तसं. "मी सांगं, ऱ्हाऊ दे. तठे थंडी व्हती."

मी खूप बोलणारा माणूस आहे. त्या चढावर मी पुढचं वळण येईपर्यंत काही बोललो नाही. बापूराव हे आजही साताऱ्यात सांगतात, आणि कुणी विश्वास ठेवत नाही.

मग इस्माईलभाईनं खरी अडचण सांगितली. दगड आजच उभा व्हायचा होता, पै-पाहुणे जमले होते. पण वस्तीच्या पुजाऱ्यानं, भिल्ल त्याला पुजारा म्हणतात, तो अजून पाहिलेला नव्हता. पुजारा नाही म्हणाला तर दगड उभा राहणार नाही, आणि दगड उभा राहिला नाही तर जयसिंगचा जीव पितरांत जाणार नाही. त्याला जाळलं कुणी, पुरलं कुणी, कुणालाच माहीत नव्हतं. परत यायला त्याला ही एकच जागा होती.

वस्तीवर

वस्तीच्या कडेला मोहाच्या झाडाखाली दगडांची रांग होती. बापूरावांना मी कोपरानं ढोसलं, पण त्यांना सांगावं लागलं नाही. ते एकेका दगडासमोर उकिडवे बसत, कपाळाला हात लावत पुढे सरकत होते. या टोकाला घोड्यावर बंदूकवाला. त्याच्या आधी घोड्यावर भाला. त्याच्याही आधी ढाल-तलवार. आणि पार त्या टोकाला, पावसानं जवळजवळ पुसून टाकलेला, पायी चालणारा धनुष्यवाला. प्रत्येकाच्या पुढ्यात मातीचे छोटे घोडे, मोहाची सुकी फुलं, पाण्याचं मडकं.

"पाटील," बापूराव हळूच म्हणाले, "ही सगळ्या लढायांची रांग आहे. जी लढाई आली, ती दगडावर उतरली." मी नुसती मान डोलावली, जणू ही रांग मीच लावून घेतली होती.

पुजारा म्हणजे ठेंगणा, पांढऱ्या भुवयांचा म्हातारा. त्यानं ट्रकवर बोट फिरवलं, लिंबू-मिरचीवर थांबला, आणि भिलीत काही बोलला. इस्माईलभाईनं आम्हाला सांगितलं: "बोलस, हाई चालाव नही."

रुपसिंगदादाचे पाहुणे जवळ सरकले. मी पुढे झालो, कारण बोलणं हे माझं काम. मी सांगितलं, की दिल्लीत मोठमोठ्या सरदारांच्या दगडांवर आता ट्रकच असतात, एकावर तर विमान आहे, पंखांसकट. पुजाऱ्यानं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "तू पाहिलंस?" इस्माईलभाईनं ते मला सांगताना तोंड फिरवून घेतलं.

मग बापूराव बोलले. त्यांनी पायी चालणाऱ्या धनुष्यवाल्याकडे बोट दाखवलं. "बाबा, याच्याजवळही घोडा नाही. तो पितरांपर्यंत कसा पोचला?"

इस्माईलभाईच्या तोंडून पुजाऱ्यानं शांतपणे सांगितलं, "तो पायी गेला. पाय जिता असतो. दमतो, त्याला तहान लागते, म्हणून आपण मडकं ठेवतो. घोडाही जिता. चारा खातो, पाणी पितो. हे लोखंड आहे. जे पीत नाही ते जितं नाही. जे जितं नाही ते मेलेल्याला घेऊन कसं जाईल? आणि सणाला आम्ही याला काय ठेवायचं?"

बापूरावांनी बोट खाली घेतलं. माझ्या पणजोबांची घोडीसुद्धा इथे चालणार नव्हती, आणि ही गोष्ट लिहिताना मला त्रास होतो आहे. रुपसिंगदादा दगडाशेजारी बसला होता. त्याचा हात परत त्या गोणपाटावर गेला.

आता पुढचं नीट ऐका. मी इस्माईलभाईकडे एक विशिष्ट नजर टाकली. ही नजर आमच्या घराण्यात पिढ्यान् पिढ्या आहे. तिनं बैल थांबतात. त्याच क्षणी जीपनं मोठा सुस्कारा टाकला आणि पुढून पांढरी वाफ सोडली. बापूराव म्हणतात, ती केव्हापासून तापलेलीच होती आणि गळतही होती. म्हणू देत.

इस्माईलभाईचा डबा रिकामा होता. त्यानं आजूबाजूला पाहून विचारलं, "पानी शे का कोनाकडे?"

जयसिंगची आई, मोगीबाई, आतापर्यंत बायकांत मागे बसली होती. ती उठली. आपल्या मडक्यातलं पाणी घेऊन जीपजवळ गेली. इस्माईलभाई हात पुढे करायला लागला, पण तिनं मडकं दिलं नाही. त्यानं झाकण उघडलं आणि ती स्वतः ओतू लागली. सावकाश, धार न तोडता. जीप घटाघटा प्यायली. आत गुडगुडली. मग घोडा नाक फुरफुरवतो तशी एकदा फुरफुरली आणि शांत झाली.

ती ओतता ओतताच भिलीत बोलत होती. इस्माईलभाई सांगत गेला, आणि त्याचा आवाज बदलत गेला. "ती बोलस, सुट्टीवर उना तव्हय पोऱ्या सांगे, आई, आधी गाडीले पानी, मंग माले. गाडी तहानी ऱ्हायनी तर मरी जास. तो बोले, मी रोज तिले पाजस, तव्हय ती माले लई जास."

पुजारा जीपजवळ आला. तिच्या पुढच्या जाळीला हात लावला आणि झटकन मागे घेतला. गरम होती. त्यानं इस्माईलभाईला विचारलं, "रोज पिते?"

"घाट चढनी का पेस."

"नाही दिलं तर?"

"मरस."

पुजाऱ्यानं भाजलेली बोटं चोळली. मग वळला, खिडकीतल्या त्या वाटोळ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि दोन शब्द बोलला. ते इस्माईलभाईला सांगावे लागले नाहीत. माणसं उठली होती, खड्ड्यातली माती आणखी उकरली जात होती, रुपसिंगदादा दगडाच्या एका बाजूला आणि बापूराव, साताऱ्याचे, निवृत्त, गुडघेदुखीचे, दुसऱ्या बाजूला.

दगड उभा राहिला. बंदूकवाल्याच्या शेजारी, रांगेत. पुजाऱ्यानं मोहाच्या दारूची धार सोडली, ढोल वाजला. सगळ्यांनी मातीचे घोडे ठेवायच्या जागी काय ठेवायचं म्हणून एकमेकांकडे पाहिलं. मोगीबाईनं मडक्यात उरलेलं पाणी ट्रकच्या जाळीवर ओतलं, लिंबू-मिरचीवरून, कापसाच्या गासड्यांवरून, आणि खिडकीतल्या चेहऱ्याचं तोंड पदरानं पुसलं.

मग जेवण. मक्याची भाकर, उडदाची घट्ट डाळ, आणि द्रोणातलं एक औषध, जे मी थंडीसाठी घेतलं. बापूरावांनीही घेतलं. त्यांना थंडी जास्त वाजली.

उतरताना

सकाळी निघालो तेव्हा दगडांच्या रांगेत ऊन आलं होतं. बापूरावांच्या कागदावर सगळी रांग उतरली होती, धनुष्यापासून ट्रकपर्यंत. ते म्हणाले, "पाटील, आमच्या गडांवर इतिहास संपतो. तुमच्याकडे अजून कोरायचं चालू आहे." हे वाक्य मी त्यांच्याकडून पुन्हा वदवून घेतलं. ऐकलं नव्हतं असं नाही. आवडलं.

इस्माईलभाई ओढ्यावरून डबा भरून आला. जीपचं झाकण उघडलं, आणि थांबला. कुणी सांगितलं नव्हतं. तो रांगेपर्यंत चालत गेला, पहिली धार जयसिंगच्या ट्रकवर ओतली, आणि उरलेलं पाणी जीपला दिलं. आता त्या वाटेनं जो कुणी गाडी घेऊन जातो तो हेच करतो असं म्हणतात, आणि मी हे जिथे जाईन तिथे सांगतो. आमच्या मुलखात पोरगं लढाईवर गेलं तर त्याची गाडीसुद्धा तहानलेली राहत नाही.

त्या दिवशी तळोद्यापर्यंत जीप एकदाही तापली नाही. यातला एक शब्दही मी पदरचा घातलेला नाही.

बापूराव म्हणतात, उतार होता.